मायलेकीच्या वादाचा पंचनामा : जोन क्रॉफर्ड प्रकरण वाचनकट्ट्यावर कसे चर्चेला घ्यावे

तालुक्याच्या ग्रंथालयात महिन्याकाठी भरणाऱ्या वाचनकट्ट्यावर आठवणींचे पुस्तक निघाले की चर्चा बहुधा लिहिणाऱ्याच्या बाजूने झुकते, कारण ज्याच्याविषयी लिहिले आहे तो माणूस त्या खोलीत नसतो आणि लिहिणारा मात्र पानापानावर हजर असतो. आरोप आईवर असेल आणि ती आई नामवंत अभिनेत्री असेल, तर बैठकीत दोन तट पडायला दहा मिनिटेही लागत नाहीत. अंबाजोगाई, उदगीर, परभणी अशा गावांतून असे कट्टे चालवणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरण मुद्दाम दूरचे घेतले आहे. हॉलिवूडच्या जोन क्रॉफर्डचा नातेवाईक आपल्या कट्ट्यावर कोणी नसतो, त्यामुळे कोणाच्या घरची अब्रू वेशीवर टांगली जाण्याची भीती न बाळगता पद्धतीवर बोलता येते, आणि पद्धत एकदा हाताला बसली की पुढे ती जवळच्या पुस्तकांनाही लावता येते.

प्रकरण थोडक्यात असे आहे. जोन क्रॉफर्ड १० मे १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारली. पुढच्याच वर्षी तिची दत्तक मुलगी क्रिस्टिना हिने ‘मॉमी डिअरेस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि आईने आपला व धाकट्या भावाचा बालपणी छळ केला असे सांगितले. भावाने, म्हणजे ख्रिस्तोफरने, बहिणीला जाहीर दुजोरा दिला. त्यानंतरच्या दोघी जुळ्या बहिणींनी मात्र आपली आई कडक पण प्रेमळ होती असे सांगून मारझोडीचे चित्र साफ नाकारले. चार भावंडे, एकच आई आणि दोन उलट्या जबान्या असा हा गुंता आहे, आणि तो कोणत्याही एका बाजूने ओढून सुटणारा नाही.

आधी चित्रपट बाजूला काढावा

कट्ट्यावरील तरुण मंडळींनी पुस्तक वाचलेले नसते, पण १९८१ च्या चित्रपटातील तुकडे मोबाईलवर पाहिलेले असतात. चेहऱ्याला पांढरी क्रीम थापलेली, तारेच्या हँगरवरून किंचाळणारी बाई त्यांच्या डोळ्यांपुढे असते, आणि तीच जोन क्रॉफर्ड आहे असे त्यांनी मनोमन धरलेले असते. ती फे डनवे आहे, ही गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगून टाकावी. रात्री मुलीच्या कपड्यांच्या कपाटावर घातलेल्या धाडीचा प्रसंग पुस्तकात आहे, परंतु पडद्यावरील आवाज, चेहरा आणि लय ही पटकथा, दिग्दर्शक फ्रँक पेरी आणि अभिनेत्री यांनी मिळून घडवलेली आहेत. खुद्द क्रिस्टिनाही त्या चित्रपटावर खूश नव्हती. शिवाय अमेरिकेतील प्रेक्षक तो पाहताना हसू लागले आणि मुलाला मार बसण्याचा प्रसंग करमणुकीचा विषय होऊन बसला. या हशाने दोन्ही बाजूंचे नुकसान केले असे माझे मत आहे, कारण त्यामुळे आई राक्षसीण ठरली आणि मुलीची तक्रार विनोद ठरली.

म्हणून बैठकीच्या आधी चित्रपट दाखवू नये. दाखवायचाच असेल तर चर्चा पूर्ण झाल्यावर दाखवावा. प्रोजेक्टर लावायचा नसल्यामुळे लाइट गेली म्हणून बैठक मोडण्याचीही भीती उरत नाही. एक फळा, खडू आणि पुस्तकातील निवडक पानांचे कोणीतरी आधी करून ठेवलेले मराठी टिपण, एवढे साहित्य पुरते.

फळ्यावर तारखा लिहाव्यात

मते विचारण्याआधी तारखा लिहाव्यात, कारण या प्रकरणातील अर्धा गोंधळ काळाचे भान सुटल्यामुळे होतो. जोनचा जन्म टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे झाला, मूळ नाव ल्युसिल ले स्यूअर. जन्मवर्षावरच चरित्रकारांचे एकमत नाही. १९०४ पासून १९०८ पर्यंतची वर्षे दिली जातात. वडील घर सोडून गेलेले आणि आई कपडे धुण्याच्या धंद्यात. ती स्वतः निवासी शाळेत फी भरण्याऐवजी झाडलोट व स्वयंपाकघरातील कामे करून शिकली, आणि तिथे तिला मारही खावा लागला असे तिने सांगितले आहे. १९२५ मध्ये ती एमजीएम स्टुडिओत आली, आणि जोन क्रॉफर्ड हे नाव तिला एका मासिकाने घेतलेल्या वाचकांच्या स्पर्धेतून मिळाले. १९३८ मध्ये चित्रगृहमालकांच्या एका संघटनेने, गल्ला बुडवणारे कलावंत म्हणून जी नावे जाहीर केली त्यांत तिचे नाव होते. १९४३ मध्ये एमजीएम सुटले. १९४५ च्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’साठी तिला ऑस्कर मिळाले आणि ते तिने घरी, आजारपणाच्या बिछान्यात स्वीकारले. त्या चित्रपटात तिची भूमिका कृतघ्न मुलीसाठी राबणाऱ्या आईची होती, हा योगायोग चर्चेत कोणीतरी काढतोच. त्याला दाद द्यावी आणि पुढे जावे, त्यातून काहीही सिद्ध होत नाही.

याच्या शेजारी मुलांच्या तारखा मांडाव्यात. क्रिस्टिना जून १९३९ मध्ये जन्मली. जोन तेव्हा दुसऱ्या घटस्फोटाच्या टप्प्यात होती आणि दत्तकविधान १९४० मध्ये नेव्हाडा राज्यात झाले. ख्रिस्तोफर १९४३ मध्ये घरात आला, जुळ्या मुली १९४७ मध्ये. १९५५ मध्ये जोनने पेप्सी कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्टील यांच्याशी लग्न केले आणि १९५९ मध्ये ते वारले.

हा फळा पाहिला की एक गोष्ट आपोआप दिसते. थोरली मुलगी आणि जुळ्या बहिणी यांच्यात जवळजवळ आठ वर्षांचे अंतर आहे. थोरलीचे पहिले सहा-सात वर्षांचे बालपण हे आईचे काम सुटण्याच्या, नवरे बदलण्याच्या आणि अस्थैर्याच्या काळातले आहे. जुळ्या मुली घरात आल्या तेव्हा ऑस्कर कपाटात होते. त्या चालत्या-बोलत्या झाल्या तोवर क्रिस्टिना निवासी शाळेत गेलेली होती. एकाच छताखाली वाढलेली भावंडे म्हणून आपण त्यांना समोरासमोर उभे करतो, परंतु त्या छताखाली त्या एकत्र राहिल्या तो काळ फार थोडा होता. त्यामुळे ‘दोघींपैकी एक खोटे बोलते आहे’ हे गृहीतक फळ्यावरच ढासळते. आई एका लेकराशी एक आणि दुसऱ्याशी दुसरी वागू शकते, हे समजायला हॉलिवूडला जावे लागत नाही.

आरोपांचे गट पाडावेत

गारपिटीनंतर तलाठी पंचनाम्याला येतो तेव्हा ‘गावाचे पीक गेले’ एवढी एक ओळ लिहून तो परतत नाही. कोणत्या गटात कोणते पीक होते आणि त्यातले किती आडवे झाले, हे त्याला गटाप्रमाणे लिहावे लागते. या पुस्तकाचेही तसेच करावे. ‘जोन क्रॉफर्ड क्रूर होती का?’ हा प्रश्न फळ्यावर येऊच देऊ नये. त्याऐवजी प्रत्येक दावा सुटा करून त्याच्यापुढे कोण सांगते, कोण नाकारते आणि कागद काय म्हणतो असे तीन रकाने आखावेत.

घरात कडक शिस्त होती, हा पहिला दावा. तो जवळजवळ वादातीत आहे. जोनने स्वतः मुलांच्या शिस्तीविषयी अभिमानाने लिहिले आहे, आणि बचाव करणाऱ्या जुळ्या बहिणींनीही कडकपणा नाकारलेला नाही. मारहाण होत असे, हा दुसरा दावा. तो क्रिस्टिना आणि ख्रिस्तोफर करतात, धाकट्या नाकारतात. तिसऱ्या गटात विशिष्ट प्रसंग येतात: रात्रीची कपाटावरची धाड, मुलाला पलंगाला बांधून झोपवणे, मुलीचा गळा धरणे. यांतील प्रत्येक प्रसंग वेगळ्या ओळीत लिहावा, कारण एक खरा ठरल्याने दुसरा खरा ठरत नाही, आणि एकात अतिशयोक्ती सापडली म्हणून बाकीचे रद्दही होत नाहीत. मुलांना प्रसिद्धीसाठी दत्तक घेतले, हा चौथा दावा मनातील हेतूविषयी आहे. १९४० च्या दशकातील मासिकांत मायलेकींची एकसारख्या कपड्यांतील छायाचित्रे येत, ती कागदावर आहेत. मात्र छायाचित्र काढून घेतले एवढ्यावरून मूल त्यासाठीच आणले असे म्हणता येत नाही, आणि त्या काळी स्टुडिओच्या प्रसिद्धी विभागाच्या हुकमाबाहेर नटनट्यांचे घरही नसे. हा रकाना मोकळाच राहील. तो मोकळा राहू देण्याची सवय सदस्यांना लावणे हे चर्चा चालवणाऱ्याचे सर्वांत कठीण काम आहे.

क्रिस्टिनाने पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती वीस वर्षांनंतर काढली आणि तीत पूर्वी न छापलेला मजकूर घातला. म्हणून टिपण करताना कोणता दावा कोणत्या आवृत्तीतला आहे ते लिहावे. उशिरा सांगितलेली गोष्ट खोटीच असते असे नाही, परंतु ती उशिरा सांगितली गेली ही नोंद हवी.

साक्षीदार कुठून पाहत होता

या टप्प्यावर बैठकीतले वाचन असलेले सदस्य नामवंतांची नावे काढतात. जोनचा पहिला नवरा डग्लस फेअरबँक्स धाकटा याने सांगितले की पुस्तकातली जोन ही आपण ओळखत होतो ती जोन नव्हे. ऐकायला हे वजनदार वाटते. फळ्यावरील तारखा पाहाव्यात: त्यांचे लग्न १९२९ चे आणि घटस्फोट १९३३ चा, म्हणजे पहिले मूल घरात येण्याच्या कितीतरी आधीचा. तो खोटे बोलत नसेल, पण ज्या खोलीविषयी प्रश्न आहे त्या खोलीत तो कधी नव्हताच. अभिनेत्री मर्ना लॉय ही जोनची जुनी मैत्रीण. तिनेही जोनची बाजू घेतली, आणि तिचा क्रिस्टिनाविषयीचा अनुभव वाईट होता, पण तो रंगभूमीवर एकत्र काम करतानाचा, म्हणजे मोठ्या वयाच्या क्रिस्टिनाचा. नाटकाच्या तालमीत हट्टी असलेली तरुणी लहानपणी मार खात नव्हती, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. उलट बाजूला हेलन हेज आहे, जिने आपल्या आठवणींत जोनने आई होण्याच्या फंदात पडायला नको होते अशा अर्थाचे लिहिले. तीही घरात राहणारी नव्हती.

म्हणून प्रत्येक साक्षीदारासाठी तीनच प्रश्न ठेवावेत. तो त्या घरात राहत होता का, त्या वर्षांत राहत होता का, आणि दार बंद झाल्यावर आत होता का. या चाळणीतून मोठमोठी नावे गळून पडतात आणि शेवटी मुलेच उरतात, जी या प्रकरणातील पक्षकारही आहेत. अडचण खरी आहे. घरातल्या छळाचे साक्षीदार बहुतेकदा घरातलेच असतात, आणि त्या घरातल्यांनाच आपण हितसंबंधी म्हणून बाजूला सारतो. ‘राजाने मारले आणि पावसाने झोडपले तर दाद कोणाकडे मागायची’ ही म्हण अशा लेकरांसाठीच असावी.

‘तेव्हा कोणी तक्रार का केली नाही?’ असा आक्षेप कोणीतरी हमखास घेतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. मारहाणीमुळे लहान मुलांना होणाऱ्या इजांचे वैद्यकीय वर्णन डॉ. हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात १९६२ मध्ये केले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथल्या राज्यांनी अशा इजा कळवण्याचे कायदे केले. क्रिस्टिना तोवर तेवीस वर्षांची झाली होती. तिच्या लहानपणी शेजाऱ्याला, शिक्षिकेला किंवा डॉक्टरला संशय आला असता तरी तो नोंदवण्याची वाट जवळजवळ नव्हती, त्यामुळे नोंद नसणे हा कोणत्याच बाजूचा पुरावा होऊ शकत नाही.

मृत्युपत्राचा कागद कसा वाचावा

मराठवाड्यात वारसाचा विषय निघाला की सगळे कान टवकारतात, त्यामुळे हा भाग बैठकीत सर्वांत रंगतो आणि सर्वांत जास्त घसरतो. जोनने २८ ऑक्टोबर १९७६ रोजी मृत्युपत्र केले. दोघी जुळ्या मुलींना प्रत्येकी ७७,५०० डॉलर ठेवले, आणि ख्रिस्तोफर व क्रिस्टिना यांच्यासाठी आपण कोणतीही तरतूद करत नाही, त्याची कारणे त्यांना चांगली ठाऊक आहेत, अशा आशयाचे वाक्य त्यात घातले. वगळलेल्या दोघांनी मृत्युपत्राला आव्हान दिले आणि तडजोड होऊन ५५,००० डॉलर मिळवले. पुस्तक याच दरम्यान बाहेर आले.

येथे कोणीतरी खुर्चीत पुढे सरकून म्हणतो, ‘झालं, वाटणी मिळाली नाही म्हणून पुस्तक लिहिलं.’ चर्चा चालवणाऱ्याने हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि त्याच्याच खाली उलट वाक्य लिहावे: जुळ्या मुलींना वाटणी मिळाली म्हणून त्यांनी आईची बाजू घेतली. पहिले मान्य असेल तर दुसरेही मान्य करावे लागते, आणि दोन्ही मान्य केली तर चारही साक्षीदार बाद होतात. हितसंबंध दाखवून दिल्याने साक्ष तपासण्याची गरज वाढते, ती खोटी ठरत नाही. रागावलेला माणूस खरेही बोलतो. शांत माणूस खोटेही बोलतो.

मग मृत्युपत्रातून काय मिळते? एवढेच, की १९७६ च्या ऑक्टोबरात आई आणि थोरली दोन मुले यांचे संबंध तुटलेले होते आणि तो तुटलेपणा आईला कागदावर कायमचा नोंदवावासा वाटला. जिला काहीही द्यायचे नाही तिला गप्प राहूनही वगळता येते. ‘कारणे त्यांना ठाऊक आहेत’ असे लिहिणे म्हणजे शेवटचा शब्द आपला ठेवणे. हा माझा अर्थ आहे, आणि बैठकीत कोणी दुसरा अर्थ लावला तर तोही टिकू शकतो: दुखावलेली आई मुलांची बदनामी टाळून कारणे झाकून ठेवते आहे. कागद एकच, वाचने दोन. कागदावर जे छापले आहे ते एका रकान्यात आणि आपण जे वाचतो ते दुसऱ्यात, हा भेद या एका वाक्यावर शिकवता येतो.

याचा आणखी चांगला सराव १९६८ च्या एका घटनेवर होतो. क्रिस्टिना तेव्हा दूरचित्रवाणीवरील एका दैनंदिन मालिकेत तरुण स्त्रीची भूमिका करत होती. तिला अचानक शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात जावे लागले, आणि तिच्या जागी काही भागांपुरती चक्क जोन उभी राहिली, तीही साठीच्या घरात असताना. घटनेविषयी वाद नाही. मुलीचे काम जाऊ नये म्हणून आई धावली असे एक बाजू म्हणते. मुलगी आजारी पडल्याची संधी साधून आईने तिची जागाही घेतली असे दुसरी बाजू म्हणते. सदस्यांच्या दोन गटांना प्रत्येकी एक वाचन द्यावे आणि आपल्या वाचनाच्या विरोधात जाणारी एक तरी गोष्ट मांडायला सांगावी. वकिली आवडणाऱ्या लातूरकडच्या मंडळींना हे जड जाते, पण त्याशिवाय पर्याय नाही.

आठवणीवर किती भरवसा ठेवावा

मानसशास्त्राचे नाव घेऊन दोन्ही टोकांना जाणारे लोक भेटतात. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९७४ च्या प्रसिद्ध प्रयोगात मोटारींच्या टकरीची चित्रफीत पाहिलेल्यांना प्रश्न विचारताना ‘आदळल्या’ऐवजी अधिक जोरदार क्रियापद वापरले की वेगाचा अंदाज वाढत असे, आणि नसलेली फुटकी काचही काहींना आठवत असे. याचा अर्थ एवढाच घ्यावा की तपशील नंतरच्या बोलण्याने रंगतात. टक्कर झालीच नव्हती असे त्या प्रयोगातून निघत नाही. क्रिस्टिनाने पुस्तकात संवाद अवतरणचिन्हांत दिले आहेत. लहानपणी ऐकलेली वाक्ये तिशी उलटल्यावर शब्दशः आठवतात असे मानू नये. संवाद हलका धरावा, आणि अनेकदा घडत असे असे सांगितलेल्या गोष्टी त्याहून जड धराव्यात, विशेषतः दुसऱ्या भावंडानेही त्या सांगितल्या असतील तर. अर्थात भावंडेही एकमेकांशी बोलत असतात, म्हणून तेही वजन पूर्ण नव्हे.

खोलीतल्या माणसांची काळजी

एखाद्या वयस्क काकू उठून म्हणतील, ‘मायनं लेकराला दोन रट्टे दिले तर त्याचं काय पुस्तक करायचं असतंय व्हय?’ त्यांच्यावर कोणाला हसू देऊ नये आणि त्यांना गप्पही करू नये. त्यांच्या वाक्यात एक रास्त प्रश्न दडलेला आहे, की शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो. तो फळ्यावर घ्यावा. नंतर ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असेही कोणी म्हणेल; तेव्हा मात्र स्पष्टपणे थांबवावे, कारण एक हात चाळिशीतल्या स्त्रीचा आणि दुसरा सात वर्षांच्या मुलीचा असताना ती म्हण लागूच पडत नाही. आपल्याकडचा कायदाही ती लागू करत नाही: २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार ताब्यातील बालकाला मारहाण करणे, त्याचा छळ वा उपेक्षा करणे हा गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आईबाप त्यातून वगळलेले नाहीत.

बीड जिल्ह्यातील कट्ट्यावर बोलणे ऊसतोडीकडे वळण्याची शक्यता असते. सहा-सहा महिने आई कारखान्याच्या फडावर आणि लेकरू आजीकडे, असे बालपण काढलेला सदस्य ‘मलाही मायनं टाकलं होतं’ असे बोलून जातो. हे बोलणे ऐकून घ्यावे, परंतु ते जोनच्या शेजारच्या रकान्यात लिहू नये. पोटासाठी दूर गेलेली आई आणि छळाचा आरोप असलेली आई यांची तुलना त्या सदस्यावर आणि त्याच्या आईवर, दोघांवरही अन्याय करते. त्याच वेळी कोणी स्वतःला बसलेल्या माराविषयी बोलू लागला तर त्याच्याकडे पुरावा मागण्याची ती जागा नव्हे. तारखांची चाळणी छापलेल्या पुस्तकासाठी आहे, समोर बसलेल्या माणसासाठी नाही. बैठकीत शाळकरी मुले असतील तर १०९८ हा बालकांसाठीच्या मदतीचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवावा. त्याविषयी वेगळे भाषण करू नये. ज्याला हवा तो वाचतो.

टिपण लिहिताना

चर्चेनंतरचे टिपण ग्रंथालयाच्या वहीत किंवा समूहावर टाकायचे असेल तर क्रियापदांकडे लक्ष द्यावे. मृत्युपत्राविषयी ‘लिहिले आहे’, मारहाणीविषयी ‘क्रिस्टिना सांगते, ख्रिस्तोफर दुजोरा देतो, धाकट्या बहिणी नाकारतात’, आणि हेतूविषयी ‘आम्हाला असे वाटले’. जोनच्या स्वतःच्या खडतर बालपणाचा उल्लेख जरूर करावा, पण वेगळ्या परिच्छेदात. तो ‘म्हणून’ या शब्दाने आरोपांना जोडला की स्पष्टीकरण कधी माफीनामा होते ते लिहिणाऱ्यालाही कळत नाही. आपल्या गावातील कोणा घराचे उदाहरण चर्चेत निघाले असेल तर ते टिपणात येऊ देऊ नये. अमेरिकेत मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा चालत नाही, आपल्याकडे मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताविषयी केलेले विधानही बदनामी ठरू शकते.

पुढच्या बैठकीसाठी दोन प्रकरणे जोडीने घ्यावीत. अभिनेत्री बेटी डेव्हिस हिच्या मुलीने १९८५ मध्ये आईविषयी असेच पुस्तक लिहिले, मात्र आई हयात असताना. आईने १९८७ मध्ये स्वतःच्या पुस्तकातून उत्तर दिले आणि मुलीला मृत्युपत्रातून वगळले. येथे दुसरी बाजू आरोपीच्याच तोंडून ऐकायला मिळते, त्यामुळे तीन रकाने अधिक भरतात. दुसरे प्रकरण गायक-अभिनेता बिंग क्रॉस्बी याचे. तो १९७७ मध्येच वारला, १९८३ मध्ये मोठा मुलगा गॅरी याने बापाच्या माराविषयी लिहिले, आणि एका भावाने ते जाहीरपणे नाकारले. साल, मार, फुटलेली भावंडे, सारे जवळजवळ तेच आहे, तरी क्रॉस्बीचे नाव काढल्यावर लोकांना त्याची नाताळची गाणी आठवतात आणि क्रॉफर्डचे नाव काढल्यावर हँगर आठवतो. दोन्ही फळे शेजारी मांडून, पुरावा इतका सारखा असताना निकाल इतका वेगळा कसा लागला, या एकाच प्रश्नावर ती बैठक घ्यावी, आणि उत्तरे देण्याची सुरुवात बैठकीतल्या वडील माणसांपासून करावी.